फील्डचा प्रकार कोणता, की किती लांब? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सातपूर-अंबडचे कारखाने, निफाड-दिंडोरीकडची द्राक्ष पॅकहाउस, बाजार समितीतले आडतदार, गल्लोगल्लीच्या पतसंस्था. नाशिकमध्ये डेटाबेसचं काम शिकणाऱ्याला पहिला प्रोग्राम बहुधा यांच्यापैकीच कुणासाठी लिहावा लागतो. असं काम करणारी मुलंमुली आमच्याकडे येतात तेव्हा तेच तेच प्रश्न घेऊन येतात, म्हणून उत्तरं एकदा लिहून ठेवतो आहे. फील्ड म्हणजे टेबलमधला एक रकाना, आणि की म्हणजे ज्यावरून ओळ ओळखली किंवा शोधली जाते ते फील्ड. बहुतेकांकडे मायएसक्यूएल हा डेटाबेस आणि त्याचं डेटा साठवणारं इनोडीबी इंजिन असतं, त्यामुळे आकडे त्याचे दिले आहेत. दुसऱ्या डेटाबेसमध्ये वेगळं काही असेल तिथे तसं सांगितलं आहे.

टेबल बनवायला बसलो की सुरुवात कुठून करायची?

कागदापासून. कांद्याच्या व्यापाऱ्याचं काम असेल तर त्याच्या दिवाणजींसमोर बसा आणि महिनाभराच्या हिशोबपट्ट्या चाळा. शेतकऱ्याचं नाव, गाव, गाडी नंबर, वजन, भाव, हमाली, तोलाई हे रकाने पट्टीवर आधीच आखलेले असतात. प्रत्येक रकान्यावर बोट ठेवून एकच प्रश्न विचारा: या आकड्याची कधी बेरीज होणार आहे का? वजनाची होते, भावाची सरासरी निघते, हमाली महिनाअखेरीला एकत्र होते. ही खरी संख्या आहे, तिला संख्येचाच प्रकार द्या. लॉट नंबर, गाडी नंबर आणि पट्टी नंबर यांची बेरीज कुणी करत नाही. आकड्यांत लिहिली असली तरी ती नावंच आहेत.

यानंतर दिवाणजींना विचारा, आजवरची सगळ्यात मोठी नोंद कोणती आणि हा रकाना कोरा कधी सोडता? या दोन उत्तरांतून जे कळतं ते कोणत्याही पाठ्यपुस्तकात मिळणार नाही.

मोबाइल नंबर, पिनकोड, बँक खातं हे तर आकडेच आहेत. इंटिजर, म्हणजे पूर्णांकाचा प्रकार, का नको?

मागच्या उत्तरातलाच नियम इथेही लागतो. पण इथे चुकलं की नुकसान फार होतं, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

बँक खात्याच्या क्रमांकाची सुरुवात शून्याने होऊ शकते. इंटिजरमध्ये गेला की ती शून्यं पुसली जातात, आणि मूळ क्रमांक किती अंकी होता हे नंतर कुणालाच सांगता येत नाही. खातं क्रमांकाची लांबीही बँकेगणिक वेगळी असते. नाशिकचा पिनकोड ४२२००१ इंटिजरमध्ये मावतो आणि भारतात शून्याने सुरू होणारा पिनकोड नाही, तरी तोही ६ अक्षरांचा मजकूर म्हणूनच ठेवावा. उद्या परदेशातल्या खरेदीदाराचा पत्ता आला तर त्याच्या पोस्टल कोडमध्ये अक्षरं असतील. भारतातला मोबाइल १० अंकी असला तरी देशाच्या कोडसह आंतरराष्ट्रीय क्रमांक १५ अंकांपर्यंत जातो. पुढच्या अधिक चिन्हासाठी एक जागा धरून व्हारकॅर(१६), म्हणजे जास्तीत जास्त १६ चिन्हांचं मजकुराचं फील्ड, पुरतं.

सातबाऱ्यावरचा गट क्रमांक हे तर उत्तम उदाहरण. तो ‘४५’ असतो, ‘४५/२’ असतो, ‘४५/२/अ’ सुद्धा असतो. पहिल्या दहा नोंदी पाहून कुणी इंटिजर ठरवलं की अकराव्या शेतकऱ्याला परत पाठवावं लागतं.

याच्या उलट चूकही होते. फील्ड मजकुराचं आहे, पण क्वेरीत, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नात, मोबाइल नंबर अवतरणचिन्हांशिवाय लिहिला. मग मायएसक्यूएल प्रत्येक ओळीतल्या मजकुराची संख्या करून तुलना करतं आणि त्या फील्डचा इंडेक्स, म्हणजे झटपट शोधण्यासाठीची सूची, नुसता पडून राहतो. दोनशे ओळींच्या चाचणीत हे जाणवत नाही. दोन लाख ओळी झाल्या की काउंटरवरची रांग वाढते.

सगळीकडे व्हारकॅर(२५५) टाकलं तर काय बिघडतं?

डिस्कवरची जागा वाया जात नाही, हे आधी स्पष्ट करतो. ‘येवला’ लिहिलं तर ‘येवला’ एवढीच जागा लागते. बिघडतं ते दुसरीकडे.

२५५ हा आकडा मुळात का आला ते बघा. व्हारकॅरच्या प्रत्येक मूल्याआधी त्याची लांबी लिहिलेली असते. फील्डची कमाल लांबी २५५ बाइटपर्यंत असेल तर त्या लांबीसाठी १ बाइट लागतो, पुढे गेली की २. एक अक्षर म्हणजे एक बाइट असायचा तेव्हा २५५ ही बरोबर सीमा होती. आज आपण यूटीएफ८एमबी४ हा कॅरेक्टर सेट, म्हणजे अक्षरं साठवण्याची पद्धत, वापरतो, त्यात एका चिन्हाला ४ बाइटपर्यंत लागू शकतात. म्हणजे व्हारकॅर(२५५) ची कमाल लांबी १०२० बाइट होते आणि ती सीमा कधीच ओलांडलेली असते. कारण संपलं, सवय तेवढी उरली.

आता खरी सीमा ६३ चिन्हांवर आहे, कारण ६३ चोक २५२. याचा एक व्यवहारी उपयोग आहे. व्हारकॅर(४०) चं व्हारकॅर(६०) करायचं असेल तर लांबीचा बाइट एकच राहतो आणि चालू टेबलमध्ये हा बदल जवळजवळ क्षणात होतो. ४० वरून ८० केलं तर सगळं टेबल नव्याने लिहिलं जातं. पुढे वाढण्याची शक्यता असलेलं फील्ड ६० वर अडकवू नका, आधीच ८० किंवा १०० द्या.

माझा मुख्य आक्षेप मात्र वेगळा आहे. लांबी हे एक विधान असतं. पॅन १० अक्षरांचा असतो असं तुम्ही टेबलमध्ये लिहून ठेवलंत तर अकरा अक्षरं टाइप करणाऱ्याला डेटाबेस थांबवतो. सगळीकडे २५५ असेल तर तो कुणालाच थांबवत नाही, आणि टेबल वाचणाऱ्या नव्या माणसाला त्यातून काहीच कळत नाही.

मराठी नावासाठी किती लांबी धरू?

आधी ‘अक्षर’ कशाला म्हणायचं ते ठरवू या. ‘त्र्यंबकेश्वर’ हे नाव डोळ्यांना पाच अक्षरांचं दिसतं: त्र्यं, ब, के, श्व, र. युनिकोडमध्ये मात्र ते असं साठवलं जातं: त, हलंत, र, हलंत, य, अनुस्वार, ब, क, एकाराची मात्रा, श, हलंत, व, र. एकूण १३ चिन्हं. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेतं, म्हणून ३९ बाइट. इंग्रजी स्पेलिंगमध्येही याच नावाची १३ अक्षरं होतात, पण बाइट फक्त १३.

मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेसमध्ये व्हारकॅरच्या कंसातला आकडा चिन्हांचा असतो, त्यामुळे तिथे १३ मोजले जातात. ओरॅकलमध्ये काही न सांगता व्हारकॅर२(५०) लिहिलंत तर ते ५० बाइट धरले जातात, म्हणजे देवनागरीची जेमतेम १६ चिन्हं. तिथे आकड्यापुढे ‘कॅर’ हा शब्द लिहावा लागतो. एसक्यूएल सर्व्हरच्या साध्या व्हारकॅरमध्ये मराठी लिहिलं की प्रश्नचिन्हांची माळ उमटते. तिथे एनव्हारकॅर घ्यायचं आणि क्वेरीतल्या मजकुराआधी ‘एन’ लावायला विसरायचं नाही. २०१९ च्या आवृत्तीपासून यूटीएफ-८ कोलेशनची (अक्षरांच्या तुलनेच्या नियमांची) सोय आली आहे, पण जुनी बसवलेली सिस्टिम असेल तर ती गृहीत धरू नका.

संपूर्ण नावासाठी मी १२० ते १५० चिन्हं ठेवतो. आपल्याकडे स्वतःचं नाव, वडिलांचं किंवा पतीचं नाव आणि आडनाव असं पूर्ण लिहायची पद्धत आहे, त्यात जोडाक्षरं भरपूर. ५० मध्ये बरीच नावं बसतात, सगळी नाही.

एका पतसंस्थेच्या जुन्या यादीत मी वारसांची नावं एकाच ठिकाणी कापली गेलेली पाहिली. मायएसक्यूएलच्या ५.७ आधीच्या आवृत्त्यांत काटेकोर मोड मुळात चालू नसे, त्यामुळे जास्तीचा मजकूर कापून उरलेला गुपचूप साठवला जायचा आणि वर फक्त एक इशारा यायचा, तो कुणी वाचत नसे. यादीतल्या एका आजींचं आडनाव मधूनच तुटलेलं होतं. ठेवीचे पैसे हातात पडायला त्यांना तीन खेटे घालावे लागले. लांबीचा आकडा टाकताना मला अजूनही त्या आजी आठवतात.

‘की फार लांब आहे, कमाल ७६७ बाइट’ असा एरर येतो. फील्ड तर फक्त २५५ चं आहे!

सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न हाच. फील्डची लांबी चिन्हांत मोजली जाते आणि इंडेक्सची मर्यादा बाइटमध्ये, इथेच घोळ होतो.

इनोडीबीच्या जुन्या रो फॉरमॅटमध्ये, म्हणजे ओळी साठवण्याच्या रचनेत, इंडेक्समधल्या एका कॉलमला ७६७ बाइटची मर्यादा होती. मायएसक्यूएलचं जुनं ‘यूटीएफ८’ एका चिन्हासाठी जास्तीत जास्त ३ बाइट धरायचं. २५५ त्रिक ७६५, काठाला लागून का होईना पण बसत होतं. मग कुणीतरी कॅरेक्टर सेट यूटीएफ८एमबी४ केला. २५५ चोक १०२०, आता बसत नाही. ७६७ ला ४ ने भागलं की १९१ येतात. जुन्या प्रोग्राममध्ये ठिकठिकाणी व्हारकॅर(१९१) दिसतं ते यामुळे.

तुमच्या टेबलमध्ये प्रत्यक्षात ‘सिन्नर’ एवढंच लिहिलेलं असेल, तरी हिशोब कमाल लांबीचाच होतो. इंडेक्स बनवताना डेटाबेस आत काय आहे ते पाहत नाही, आत काय येऊ शकेल ते पाहतो.

उपाय म्हणून फील्ड १९१ करू नका. रो फॉरमॅट डायनॅमिक करा, तिथे मर्यादा ३०७२ बाइट आहे, म्हणजे यूटीएफ८एमबी४ ची ७६८ चिन्हं. ५.७ पासून नवी टेबलं डायनॅमिकच बनतात. पण जुन्या आवृत्तीतून उचलून आणलेलं टेबल आपला जुना फॉरमॅट बरोबर घेऊन येतं, म्हणून नव्या सर्व्हरवरही हा एरर दिसतो.

या त्रासाला कंटाळून ३ बाइटच्या जुन्या सेटवर परत जाऊ नका. देवनागरी त्यात बसते, म्हणून वरवर सगळं ठीक वाटतं. इमोजी मात्र त्यात बसत नाहीत. आणि मोडी लिपीही बसत नाही: २०१४ साली युनिकोडच्या ७.० आवृत्तीत मोडी आली, तिच्या प्रत्येक चिन्हाला ४ बाइट लागतात. नाशिकच्या जुन्या वाड्यांतून मोडी दस्तांची बाडं निघतात. त्यांची सूची करणाऱ्याला मूळ लिपीतलं एक नाव साठवायचं झालं तर डेटाबेसने नकार देऊ नये.

पूर्ण पत्ता किंवा लांबलचक लिंक पुन्हा येऊ नये म्हणून युनिक की हवी आहे. कशी द्यायची?

मजकुराचा शा-२५६ हॅश, म्हणजे त्यावरून निघणारा ठरावीक लांबीचा ठसा, काढून बायनरी(३२) फील्डमध्ये ठेवा आणि त्यावर युनिक की द्या. मजकूर कितीही लांब असला तरी की ३२ बाइटच राहते. हॅश अक्षरांत लिहिला तर ६४ होतात, म्हणून बायनरी. मायएसक्यूएलमध्ये ५.७ पासून असं फील्ड आपोआप भरणारं करता येतं.

काही जण पहिल्या २० चिन्हांवर इंडेक्स देतात. शोधण्यासाठी ते चांगलं आहे, जागा वाचते. पण त्याला युनिक करू नका, कारण पहिली २० चिन्हं सारखी असलेले दोन वेगळे पत्ते त्याला एकच वाटतात. कॉलेज रोडवरच्या एकाच संकुलातले दोन गाळे घ्या, नेमकं हेच होईल.

प्रायमरी की काय असावी? मोबाइल नंबर, आधार, साधा क्रमांक की यूयूआयडी?

प्रायमरी की म्हणजे ओळीची मुख्य ओळख, आणि यूयूआयडी म्हणजे कुठेही बनवला तरी पुन्हा न येणारा लांब क्रमांक. इनोडीबीत टेबलमधला सगळा डेटा प्रायमरी कीच्या क्रमानेच रचलेला असतो, आणि टेबलवरच्या प्रत्येक दुसऱ्या इंडेक्समध्ये ओळ ओळखण्यासाठी प्रायमरी कीची प्रत ठेवलेली असते. म्हणजे प्रायमरी की लांब झाली की तिच्याबरोबर सगळे इंडेक्स फुगतात.

हिशोब मांडून बघा. ५० लाख ओळी, वर पाच इंडेक्स. बिगइंटची, म्हणजे मोठ्या पूर्णांकाची, की ८ बाइटची, तर मजकूर म्हणून ठेवलेला यूयूआयडी ३६ अक्षरांचा. फरक २८ बाइटचा. गुणाकार केला तर नुसत्या इंडेक्समध्ये ७० कोटी बाइट जास्तीचे, साधारण ७०० एमबी. हे मेमरीत मावलं नाही की मशीन डिस्ककडे धावतं.

यूयूआयडी खरोखर लागतो तो अनेक ठिकाणी स्वतंत्रपणे नोंदी होतात तिथे. पेठ-सुरगाण्याकडच्या पाड्यांवर नेटवर्क नसताना टॅबवर नोंद घ्यायची आणि नंतर जोडायची, अशा कामाला तो योग्य आहे. मग तो बायनरी(१६) मध्ये ठेवा, आणि जमेल तिथे सातव्या आवृत्तीचा घ्या. मे २०२४ मध्ये आलेल्या आरएफसी ९५६२ या मानकात तिचं वर्णन आहे. त्यात सुरुवातीला वेळ असते, म्हणून नव्या नोंदी टेबलच्या शेवटी जातात. पूर्ण यादृच्छिक यूयूआयडी मधेमधे घुसतो आणि डेटाची भरलेली पानं (साठवणुकीचे ठोकळे) फोडत जातो.

मोबाइल नंबर बदलतो, घरात एकच नंबर तिघांचा असतो. आधार तर नकोच: प्रायमरी की जोडलेल्या प्रत्येक टेबलमध्ये, रिपोर्टमध्ये, लॉगमध्ये पसरते, आणि जे जपून एका जागी ठेवायचं ते दहा जागी सांडतं. आपोआप वाढणारा साधा क्रमांक घ्या. मोबाइलवर वेगळा इंडेक्स द्या.

इंट पुरेल की बिगइंट?

सभासद, शेतकरी, माल यांना ४ बाइटचं इंट पुरतं. त्याची कमाल किंमत २,१४,७४,८३,६४७ आहे, म्हणजे २१४ कोटींच्या वर. नाशिक जिल्ह्याच्या १५ तालुक्यांच्या टेबलला तर टायनीइंटचा एक बाइटसुद्धा भरपूर आहे.

यंत्रं नोंदी पाठवतात तिथे मात्र गणित करा. द्राक्षबागांत बसवलेले ५०० सेन्सर मिनिटाला एक नोंद पाठवत असतील तर वर्षाला सुमारे २६ कोटी २८ लाख ओळी होतात, आणि इंट आठेक वर्षांत भरतं. तेच सेन्सर दर १० सेकंदांनी बोलायला लागले तर सोळा महिन्यांत. भरल्यावर नवी ओळ घेतलीच जात नाही, आणि एवढ्या मोठ्या टेबलचा प्रकार बदलायला कित्येक तास जातात. ४ बाइट वाचवण्यासाठी हा धोका पत्करू नका.

इंट(११) आणि इंट(५) यांत फरक काय?

साठवण्यात काहीच नाही, दोन्ही ४ बाइटचेच. कंसातला आकडा फक्त दाखवण्याच्या रुंदीचा होता, आणि मायएसक्यूएल ८.०.१७ पासून तो वापरू नये असंच सांगितलं आहे. इंट(५) म्हणजे पाच अंकी, ही समजूत काढून टाका.

रुपये फ्लोटमध्ये ठेवले तर?

ठेवू नका. फ्लोट बायनरी अपूर्णांकात विचार करतो. दहा पैसे म्हणजे ०.१०, हे त्याला अचूक लिहिता येत नाही, जवळचं काहीतरी लिहितो. शिवाय ४ बाइटच्या फ्लोटमध्ये सलग पूर्णांक १,६७,७७,२१६ पर्यंतच अचूक राहतात. त्यात एक रुपया मिळवला तरी आकडा तोच राहतो. मध्यम आकाराच्या पतसंस्थेची ठेवींची बेरीज यापुढे सहज जाते, आणि मग ताळेबंद जुळेना म्हणून लेखनिक रात्री नऊपर्यंत खाली मान घालून बसतो. चूक त्याची नसते.

डेसिमल, म्हणजे दशांश अचूक ठेवणारा प्रकार, घ्या. १८.३७ क्विंटल कांदा, भाव १,४५१ रुपये क्विंटल, तर पट्टी २६,६५४ रुपये ८७ पैसे. डेसिमलमध्ये हेच येईल, दरवेळी. वजन क्विंटलमध्ये दोन दशांशांपर्यंत म्हणजे किलोपर्यंत अचूक राहतं. रकमेसाठी डेसिमल(१०,२), म्हणजे एकूण १० अंक आणि त्यातले २ दशांश, दहा कोटींच्या आत थांबतं आणि ५ बाइट घेतं. डेसिमल(१४,२) ७ बाइटमध्ये एक लाख कोटींच्या काठापर्यंत नेतं. दोन बाइटसाठी हात आखडू नका. पैसे पूर्ण रुपयात कुठे आणि कसे करायचे हे मात्र व्यापाऱ्याला विचारून ठरवा, तो त्याच्या रिवाजाचा भाग आहे.

लॅब रिपोर्टमध्ये काही ठिकाणी आकडा नसतो. तिथे शून्य टाकू का?

नाही. निर्यातीच्या द्राक्षांचा अंश-तपासणीचा अहवाल डोळ्यांसमोर आणा. ज्या औषधासाठी वेगळी मर्यादा ठरलेली नाही त्यासाठी युरोपीय संघाची मर्यादा किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम आहे. दोन दशांशांचं फील्ड ठेवलंत तर ०.००६ हे ०.०१ होऊन बसेल, आणि मर्यादेच्या बरंच आत असलेली बाग थेट मर्यादेवर दिसेल. चार दशांश ठेवा.

‘तपासलं आणि आढळलं नाही’ आणि ‘तपासलंच नाही’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आकड्याचं फील्ड रिकामं म्हणजे नल राहू द्या आणि शेजारी निकालाचं छोटं फील्ड ठेवा: आढळलं, आढळलं नाही, तपासलं नाही. शून्य टाकलंत की सरासरी खाली ओढली जाते आणि न तपासलेला माल स्वच्छ ठरतो.

तारखेसाठी काय वापरू?

नुसत्या तारखेला डेट, ३ बाइट. मजकूर म्हणून ‘०५/०३’ लिहिलंत तर पाच मार्च की तीन मे हे कळायला मार्ग नाही आणि क्रमही चुकतो.

मायएसक्यूएलचा टाइमस्टॅम्प हा तारीख-वेळेचा प्रकार १९ जानेवारी २०३८ ला, आपल्या घड्याळात सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी संपतो. लांबची गोष्ट वाटते, पण आज दिलेल्या वीस वर्षांच्या घरकर्जाचा शेवटचा हप्ता त्याच्या पलीकडे आहे. हप्त्यांच्या तारखा डेटमध्ये, पुढच्या काळातल्या वेळा डेटटाइममध्ये.

बिल नंबर म्हणून आपोआप वाढणारा क्रमांकच वापरू का?

नको. एखादा व्यवहार अर्ध्यात रद्द झाला तर त्याने घेतलेला क्रमांक परत मिळत नाही, मालिकेत फट पडते. केंद्रीय जीएसटी नियमांतल्या नियम ४६ प्रमाणे बिलाचा क्रमांक सलग असावा लागतो, १६ अक्षरांपेक्षा लांब चालत नाही आणि आर्थिक वर्षात एकदाच यावा लागतो. अक्षरं, आकडे, आडवी रेघ आणि तिरकी रेघ चालते. टेबलची लांबी आणि की इथे नियमानेच सांगून टाकली आहे: व्हारकॅर(१६), आणि युनिक की पेढी, आर्थिक वर्ष व बिल क्रमांक यांची मिळून. प्रायमरी की वेगळीच राहू द्या.

जीएसटी क्रमांक, पॅन, आयएफएससी?

अनुक्रमे कॅर(१५), कॅर(१०), कॅर(११). कॅर म्हणजे ठरावीक लांबीचा मजकूर. यांत कधीच देवनागरी येत नाही, म्हणून या फील्डांचा कॅरेक्टर सेट आस्की (साधी इंग्रजी अक्षरं आणि आकडे) ठेवा, इंडेक्स आटोपशीर राहतो. साठवण्याआधी सगळं कॅपिटल करा. महाराष्ट्रातला जीएसटी क्रमांक २७ ने सुरू होतो आणि पुढची १० अक्षरं पॅन असतो, ही तपासणी फॉर्ममध्येच लावता येते.

युनिक की असूनही एकच पेढी दोनदा आली आहे. असं कसं?

मराठीत काम करणाऱ्या प्रत्येकाने हे एकदा नीट समजून घ्यावं. ‘ॲग्रो’ मधला ‘ॲ’ दोन तऱ्हांनी साठतो: एकच चिन्ह म्हणून, किंवा ‘अ’ आणि चंद्र अशी दोन चिन्हं, मधे कधी एक न दिसणारं जोडचिन्हही. पडद्यावर सारखंच दिसतं, बाइट वेगळे. ‘शेतकऱ्यांची’ मधला अर्धा रही तसाच: कुठल्या कीबोर्डवर ‘ऱ’ आणि हलंत येतो, कुठल्यावर साधा ‘र’, हलंत आणि ते न दिसणारं जोडचिन्ह. नाशिकमध्ये नावात ‘ॲग्रो’ असलेल्या पेढ्या आणि ‘शेतकऱ्यांची’ असलेल्या संस्था ढिगाने आहेत.

युनिकोडचं एनएफसी हे प्रमाण रूप करून घेतलं की ‘ऱ’ आणि नुक्ता दिलेला ‘र’ एक होतात. वरच्या दोन जोड्या मात्र त्यानेही एक होत नाहीत. त्यांच्यासाठी साठवण्याआधी स्वतःचं छोटं फंक्शन लिहावं लागतं: एक रूप निवडा, दुसरं त्यात बदला, आगेमागेच्या मोकळ्या जागा काढा. मग युनिक की त्या शुद्ध केलेल्या रूपावर द्या. कोणती अक्षरं समान मानायची हे कोलेशन ठरवतं, म्हणून तुमच्या सर्व्हरवर अशा जोड्यांची तुलना प्रत्यक्ष करून बघा.

गावाचं नावच की म्हणून चालेल ना?

नाही. वडनेर भैरव चांदवड तालुक्यात, वडनेर दुमाला नाशिकमध्ये, वडनेर खाकुर्डी मालेगावात, आणि शेतकरी तिन्हीकडचा ‘वडनेर’ एवढंच सांगतो. खुद्द नाशिक हिंदीत ‘नासिक’ लिहिलं जातं. गावांचं वेगळं टेबल, त्याला क्रमांक, शेजारी तालुक्याचा क्रमांक.

दोन-तीन फील्ड मिळून इंडेक्स करताना क्रम कसा लावायचा?

इंडेक्स डावीकडून वाचला जातो. बाजार आवार, तारीख, व्यापारी असा क्रम असेल तर ‘लासलगाव, कालचा दिवस’ झटकन सापडतं, पण ‘हा व्यापारी, सगळे दिवस’ यासाठी तो इंडेक्स उपयोगी नाही. रोज कोणता प्रश्न जास्त विचारला जातो त्यावर क्रम ठरवा. आणि लांबी पाहा: आवाराचा क्रमांक १ बाइट, तारीख ३, व्यापाऱ्याचा क्रमांक ४, एकूण ८. हीच नावं मजकुरात ठेवली असती तर शंभरच्या घरात गेली असती.

फॉरेन की लागत नाही, एरर येतो.

फॉरेन की एका टेबलचं फील्ड दुसऱ्या टेबलच्या कीला जोडते, म्हणून दोन्ही बाजूंचे प्रकार ताडून बघा. एकीकडे इंट आणि दुसरीकडे बिगइंट, किंवा एकीकडे अनसाइन्ड (उणे संख्या नसलेला) आणि दुसरीकडे साधा. दहापैकी आठ वेळा हेच निघतं.

आम्ही पोस्टग्रेस वापरतो. तिथेही लांबीची एवढी चिंता करायची?

कमी. तिथे टेक्स्ट आणि व्हारकॅर वेगाच्या दृष्टीने सारखेच, म्हणून टेक्स्ट घ्या आणि लांबीची अट चेक कन्स्ट्रेंटने (टेबलवर लावलेल्या नियमाने) लावा, ती नंतर बदलणं सोपं जातं. इंडेक्सला मर्यादा तिथेही आहे: नेहमीच्या बी-ट्री इंडेक्समध्ये एक नोंद साधारण २७०० बाइटच्या आत असावी लागते, म्हणजे देवनागरीची नऊशेच चिन्हं. लांब तक्रारअर्जाच्या मजकुरावर इंडेक्स दिला तर महिनोन्‌महिने सुरळीत चालेल, आणि एखाद्या दिवशी कुणीतरी मन मोकळं करून दोन पानं लिहील तेव्हा ती नोंद नाकारली जाईल.

चालू टेबलमध्ये आता चुकीचा प्रकार आहे. बदलायचा कसा?

आधी बॅकअप, आणि तो दुसऱ्या मशीनवर उघडून बघितलेला. मग आहे त्या डेटात सगळ्यात लांब मूल्य किती चिन्हांचं आणि किती बाइटचं आहे ते काढा, लांबी कमी करायची असेल तर हे टाळूच नका. काटेकोर मोड चालू आहे ना ते तपासा, नाहीतर कापाकापी गुपचूप होईल. मजकुरातून तारीख किंवा डेसिमल करायचं असेल तर जुनं फील्ड लगेच काढू नका. शेजारी नवं फील्ड जोडा, भरा, जिथे रूपांतर झालं नाही त्या ओळी माणसाला दाखवा, आणि महिनाभर दोन्ही राहू द्या.

वेळही बघा. पॅकहाउसचं काम जानेवारी ते एप्रिल या काळात हाताळू नका, तेव्हा तिथे रात्रीसुद्धा कंटेनर भरत असतात. पतसंस्थेला मार्चअखेर नको. कांद्याच्या व्यापाऱ्याला लिलाव बंद असलेला दिवस विचारा, तो स्वतःच सांगेल, आणि त्या दिवशी सकाळी त्याच्या दिवाणजींना शेजारी बसवून जुन्या वीस पट्ट्या नव्या टेबलमधून काढून दाखवा.